नामदार गोखले यांची कौन्सिलमधील भाषणे : सूचीकामाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

कामाला आज रीतसर सुरुवात केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी मुंबईच्या कायदेकौन्सिलात आणि १९०२ पासून गव्हर्नर जनरलच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात सरकारी जमाखर्च आणि कायदे या दोन विषयांवर जी भाषणे केली, त्यांची टीपांसह मराठी सूची तयार करणे, एवढाच या प्रकल्पाचा आवाका आहे. काँग्रेसच्या व्यासपीठावरची, इंग्लंडमधील सभांतली आणि सत्कारप्रसंगीची भाषणे जाणीवपूर्वक बाहेर ठेवली आहेत. मूळ पाठासाठी मद्रासच्या नाटेसन यांनी १९०८ साली काढलेला संग्रह आणि १९६२ ते १९६७ या काळात पटवर्धन, कर्वे व आंबेकर यांच्या संपादनाखाली तीन खंडांत निघालेली आवृत्ती, अशी दोन साधने समोर आहेत.

आम्ही दोघेच आहोत. भाषांतर आणि टीपा माझ्याकडे आहेत, तर आकड्यांची पडताळणी माझ्या सहकाऱ्यांकडे. ते निवृत्त लेखापरीक्षक असून कोणत्याही बेरजेवर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक भाषणासाठी सहा रकाने आखले : दिनांक, प्रसंग, मुख्य मुद्दा, वापरलेले आकडे, सरकारचे उत्तर आणि निष्पत्ती. वित्त आणि कायदा असे सूचीचे दोन स्वतंत्र विभाग करायचे, असे तूर्त ठरले आहे.

७ जून

पहिल्याच आठवड्यात शेवटच्या रकान्याने अडवले. गोखले कौन्सिलात आले तेव्हा कायदेकौन्सिलांच्या रचनेचा आणि अधिकारांचा १८९२ चा कायदा लागू होता. त्यापूर्वी नवा कर बसवायचा असेल आणि त्यासाठी विधेयक आणावे लागले, तरच अर्थविषयक चर्चा होत असे. १८९२ नंतर सभासदांना दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले आणि प्रश्नही विचारता येऊ लागले, परंतु पुरवणी प्रश्नाची मुभा नव्हती, ठराव मांडता येत नव्हता आणि अंदाजपत्रकावर मतविभागणी तर मुळीच होत नव्हती. मार्चच्या अखेरीस कलकत्त्यात चर्चेचा एक दिवस ठरे. सभासद एकामागून एक उठून बोलत, अर्थसदस्य म्हणजे सरकारचे अर्थखाते सांभाळणारे सभासद उत्तर देत, शेवटी व्हाइसरॉय समारोप करीत आणि अंदाजपत्रक जसे आले तसेच राहत असे.

मग ‘निष्पत्ती’ या शीर्षकाखाली लिहायचे काय? सहकाऱ्यांनी सुचवले की, सरळ ‘नाही’ असे लिहावे. ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून वाचकाला काहीच कळणार नाही. रकाना तूर्त रिकामा ठेवून पुढे जात आहोत.

१२ जून

२६ मार्च १९०२ च्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणाचा खर्डा पूर्ण केला. गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. फिरोजशहा मेहता यांनी सोडलेल्या जागेवर मुंबई कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनी त्यांना पाठवले होते. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते आणि अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी चालू वर्षाच्या सुधारित अंदाजात सुमारे सात कोटी रुपयांचा वाढावा दाखवला होता. त्याबद्दल सभागृहात अभिनंदने चालू असताना, आपल्याला सदसद्विवेकाने या अभिनंदनात सामील होता येत नाही, असे सांगूनच गोखल्यांनी भाषणाला आरंभ केला.

शब्दांची निवड करताना येथे बराच वेळ गेला. जमेतून खर्च वजा जाता जे उरते त्याला आजच्या शासकीय मराठीत ‘आधिक्य’ म्हणतात आणि बोलण्यात ‘शिल्लक’ म्हटले जाते. ‘शिल्लक’ हा शब्द या भाषणाला चालत नाही, कारण शिल्लक ही काटकसरीने पडते आणि येथे वाद नेमका त्यावरच आहे. गोखल्यांचे म्हणणे असे की, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्याआधीपासून चाललेली प्लेगची साथ यांनी रयत खचलेली असताना खजिना मात्र फुगत गेला, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि सरकारी तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काही मेळ उरलेला नाही. म्हणून जुन्या जमाखर्चातला ‘वाढावा’ हा शब्द घेतला. कोणाचा वाढावा, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे.

‘माय लॉर्ड’ हे संबोधन तसेच ठेवले. ‘महाराज’ लिहून पाहिले, पण त्याने कौन्सिलाचा दरबार झाला.

१३ जून

वाढाव्याचे कारण सांगणारा परिच्छेद आजच्या वाचकाला टीप दिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दिला. रुपयाचा भाव १८९४-९५ च्या सुमारास घसरत तेरा पेनीपर्यंत आला होता. १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी चांदीला बंद केल्यानंतर, म्हणजे लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे थांबवल्यानंतर, तो हळूहळू वर आणून सोळा पेनीवर स्थिर करण्यात आला. एका पौंडाचे २४० पेनी. तेरा पेनीच्या भावाने एक पौंड विलायतेस पाठवायला सुमारे १८ रुपये ७ आणे लागत. सोळा पेनीच्या भावाने बरोबर १५ रुपये लागू लागले. दर एक कोटी पौंडांमागे जवळजवळ साडेतीन कोटी रुपये वाचले, आणि विलायतेतील खर्चासाठी म्हणजे व्याज, पेन्शने, लष्करी देणी वगैरेंसाठी दरवर्षी एक कोटी पौंडांहून कितीतरी अधिक रक्कम पाठवावी लागत होती.

गोखल्यांचा मुद्दा यापुढचा आहे. रुपया घसरत होता तेव्हा तूट भरून काढण्याच्या नावाखाली कर वाढवले गेले. रुपया सावरला तरी ते वाढीव कर तसेच राहिले. संकटासाठी घेतलेली वर्गणी संकट टळल्यावरही चालू राहिली, तर तिजोरीत वाढावा दिसणारच. त्याला समृद्धी म्हणता येत नाही. कररचनेवरची टीका याहून नेमकी करता येईल, असे मला वाटत नाही.

१९ जून

मिठावरील कराची टीप एकदाची पुरी झाली. जानेवारी १८८८ मध्ये दर मणी दोन रुपयांवरून हा कर अडीच रुपयांवर नेण्यात आला. तो कमी करावा, प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर न्यावी आणि १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर बसलेला साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर काढून टाकावा, या १९०२ च्या भाषणातील ठळक मागण्या होत्या.

सहकाऱ्यांनी मिठाचा हिशेब शेरावर आणून दाखवला, तो वाचकांना द्यायलाच हवा. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरभर मिठामागे नुसता कर एक आणा. मीठ श्रीमंताच्या घरी जेवढे लागते, साधारण तेवढेच गरिबाच्या घरीही लागते, आणि ज्याच्या ताटात भाकरीबरोबर दुसरे काही नसते त्याला ते अधिकच लागते. हे अवांतर झाले. गोखल्यांनी असा शेराचा हिशेब केल्याचे मला आढळलेले नाही. त्यांची मांडणी खपाच्या आकड्यांवर होती : कर वाढला की खप खुंटतो, कमी केला की वाढतो, म्हणून कर उतरवल्याने सरकारलाही फार काळ तोटा होत नाही.

पुढील क्रम असा : १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ मध्येच हजार रुपयांवर गेली. हे आकडे ‘निष्पत्ती’च्या रकान्यात लिहावेत, असा मोह झाला. सहकाऱ्यांनी थांबवले. एका भाषणानंतर कर उतरला म्हणून तो त्या भाषणामुळे उतरला, हे कोणत्या कागदावरून सिद्ध करणार, असा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त आहे. वाढावा इतका मोठा होता की, काही सूट देणे सरकारलाही सोयीचे होते. रकाना रिकामाच.

२ जुलै

आठवडाभर काम थंडावले होते. आज गणेश व्यंकटेश जोशी यांच्यावरील टीप लिहिली. सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर असलेले हे गृहस्थ सरकारी नोकरीत असल्याने पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेच्या त्रैमासिकात स्वतःचे नाव न घालता लिहीत. अर्थविषयक सरकारी अहवाल वाचण्यात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळी महाराष्ट्रात क्वचितच होता. गोखले अंदाजपत्रकाची कागदपत्रे त्यांच्याकडे पाठवीत आणि त्यांच्याकडून आकडे व टिपणे मागवीत. न्यायमूर्ती रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले. त्यानंतरच्या या पहिल्या भाषणामागे जोशी यांची मेहनत मोठी होती.

यामुळे गोखल्यांचे श्रेय कमी होते, असे मी मानत नाही. अंदाजपत्रक मांडले जाणे आणि त्यावर चर्चा होणे यांत जेमतेम आठवड्याचे अंतर असे. एवढ्या अवधीत जाडजूड विवरणातून वर्षानुवर्षांची तुलना काढायची, तर कोणीतरी आधीपासून वह्या भरून ठेवलेल्या असाव्या लागतात. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या आणि शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिलेल्या माणसाला त्या वह्यांचे मोल ठाऊक होते. १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आयोगाच्या सभासदांनी त्यांची कसून उलटतपासणी केली होती. प्रत्येक आकड्याला आधार हवा, ही सवय तेथेही पक्की झाली असणार.

११ जुलै

मुंबई कौन्सिलातील भाषणांकडे वळलो आणि दोन विभागांची आखणी डळमळली. ऑगस्ट १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक पुण्यात चर्चेला आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीला देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क कुळाला देऊ नये, अशी त्यात तरतूद होती. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा हेतू सरकारने सांगितला. गोखल्यांनी हेतूवर शंका न घेता कलमाच्या परिणामावर बोट ठेवले : ज्या जमिनीवर कर्ज मिळत नाही, त्या जमिनीच्या धारकाला पेरणीच्या वेळी पैसा कोठून मिळणार? सावकाराऐवजी सरकारच जमिनीचे मालक होऊन बसेल आणि शेतकरी वर्षाच्या बोलीने कसणारा उरेल. विधेयक पुढे ढकलण्याची विनंती नाकारली गेल्यावर मेहता आणि त्यांच्याबरोबर गोखले सभागृहाबाहेर पडले.

हे भाषण वित्तात घालावे की कायद्यात? मुद्दा कलमाचा आहे, पण त्याचे मूळ साऱ्याच्या थकबाकीत आहे. आम्ही दोन्हीकडे नोंद केली आणि हे फार काळ चालणार नाही, हेही मान्य केले.

२२ जुलै

१९०३ ते १९०५ मधील कायदेविषयक भाषणे. यांत वेचक तीन घेतली.

सरकारी गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९०३ च्या अखेरीस आले. १८८९ च्या मूळ कायद्याचा रोख मुख्यतः लष्करी बातम्यांवर होता. आता मुलकी कारभारही त्याच कक्षेत ओढला जाणार होता आणि आपला हेतू निर्दोष होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकला जाणार होता. गोखल्यांचा युक्तिवाद असा की, निर्वाचित सभागृह नसलेल्या देशात कारभारावर नजर ठेवण्याचे काम वृत्तपत्रे करतात, आणि मुलकी बाब ‘गुप्त’ ठरवण्याचा अधिकार खुद्द कारभाऱ्यांनाच दिला तर ती नजरच बंद होते. चिकित्सा समितीत काही तरतुदी सौम्य झाल्या आणि मार्च १९०४ मध्ये कायदा झाला.

दुसरे, विद्यापीठांचे विधेयक. सिनेटमधील नेमणुका सरकारच्या हाती एकवटत असल्याबद्दल त्यांनी उपसूचनांमागून उपसूचना मांडल्या आणि त्या पडत गेल्या. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. मतांची गणना ठरलेलीच होती.

तिसरे मात्र मला सर्वांत उजवे वाटते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात नसते. नव्या विद्यापीठ कायद्याखाली सरकारने काढलेल्या अधिसूचना कायदेशीर नाहीत, असा आक्षेप निघून प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. निकालाची वाट न पाहता सरकारने फेब्रुवारी १९०५ मध्ये त्या अधिसूचना वैध ठरवणारे विधेयक आणले. आपल्या चुकीचा निवाडा न्यायालय करू शकते, हे ज्याला सोसत नाही ते सरकार कायद्याचे राज्य चालवते असे म्हणता येईल का, असा त्या विरोधाचा गाभा आहे. पूर्वलक्षी प्रभावाने चूक दुरुस्त करणारे कायदे आजही होतात, म्हणून या नोंदीला टीप मोठी दिली.

५ ऑगस्ट

१९०७ चे राजद्रोही सभाबंदीचे विधेयक सिमल्याला १ नोव्हेंबर रोजी मंजूर झाले. मे महिन्यात पंजाब आणि पूर्व बंगालसाठी काढलेल्या वटहुकमाची मुदत संपत आली होती. वीसपेक्षा अधिक माणसे जमली की ती सार्वजनिक सभा आहे असे गृहीत धरायचे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जमवणाऱ्यावर टाकायची, या कलमावर गोखले बराच वेळ बोलले. आपल्याकडे घरगुती कार्यालाही वीस पाने सहज उठतात, हे सिमल्यात बसून कलमाचा मसुदा करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. रासबिहारी घोष यांनीही जोरदार विरोध केला. लाला लजपतराय यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली चौकशीविना हद्दपार केल्याचा प्रसंगही या भाषणाच्या पार्श्वभूमीला आहे.

यानंतरची नोंद अवघड आहे. फेब्रुवारी १९१० मध्ये वृत्तपत्रांकडून जामीन घेण्याचे विधेयक आले तेव्हा गोखल्यांनी त्याला विरोध केला नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून डिसेंबर १९०९ मध्ये झाला होता आणि जानेवारीत कलकत्त्याच्या हायकोर्टातच एका पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली होती. एरवी आपण विरोध केला असता, पण परिस्थिती असामान्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९०३ मध्ये वृत्तपत्रांच्या बाजूने त्यांनी जे सांगितले होते, ते या प्रसंगी त्यांच्याच विरोधात उभे करता येते. सहकारी म्हणाले की, सूचीकाराने निवाडा देऊ नये. मी निवाडा दिलेला नाही. फक्त दोन्ही नोंदींत परस्परांचे संदर्भ घातले आहेत, आणि तेवढे पुरेसे बोलके आहे.

१४ ऑगस्ट

१९०९ च्या कौन्सिल-सुधारणा कायद्यानंतरचा (मोर्ले-मिंटो सुधारणांनंतरचा) भाग सुरू केला. कौन्सिलचा आकार वाढला, अंदाजपत्रकावर व सार्वजनिक हिताच्या बाबींवर ठराव मांडता येऊ लागले आणि त्यांवर मते घेतली जाऊ लागली. ठराव संमत झाला तरी तो शिफारसच राही आणि सरकारी बहुमत असल्याने तो संमत होणेही दुर्मीळ होते. तरीही भाषणाचा घाट लगेच बदललेला जाणवतो. आधीची अंदाजपत्रकी भाषणे वर्षाचा सगळा हिशेब एका दमात मांडणारी होती. आता एकेका बाबीवर स्वतंत्र ठराव येतो. जानेवारी १९११ मध्ये वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीची मागणी त्यांनी याच मार्गाने केली. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात करारबद्ध मजूर पाठवणे थांबवावे हा फेब्रुवारी १९१० चा ठराव सरकारने स्वीकारला. ही पद्धत सर्वत्र बंद करावी हा मार्च १९१२ चा ठराव पडला.

या टप्प्यावर वित्त आणि कायदा हे दोन विभाग मोडीत काढले. सूची आता कालक्रमाने लागेल.

२६ ऑगस्ट

प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर दहा दिवस घालवले, आणि ते वाया गेले असे वाटत नाही. १६ मार्च १९११ रोजी मांडलेले हे विधेयक म्हणजे कायद्याच्या भाषेत लिहिलेला हिशेबच आहे. सक्ती सरसकट नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले असेल, तिला सरकारच्या मंजुरीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती लागू करता यावी. महिना दहा रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकांना फी माफ असावी. आणि वाढीव खर्चाचा एकतृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने व दोनतृतीयांश सरकारने उचलावा, अशी मांडणी होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्ती लागू केल्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता.

आक्षेप तीन बाजूंनी आले : पैसा नाही, लोकांची तयारी नाही, आणि सक्ती परकीय सरकारने करणे धोक्याचे आहे. गोखल्यांची उत्तरे वाचताना दिसते की, पहिल्या आक्षेपाला त्यांनी सर्वाधिक जागा दिली. १९०२ मध्ये वाढावा लोकांचा नाही असे म्हणणारा सभासद आता तो लोकांवर कसा खर्च करावा, याचे कलमवार कोष्टक सरकारपुढे ठेवत होता. मार्च १९१२ मध्ये विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला गेला. हे होणार हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते भाषणात बोलूनही दाखवले : या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करता येईल, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. त्या वाक्याचे चार खर्डे झाले. ‘पराभव’ हा शब्द लढाईकडे जातो. शेवटी ‘अपयश’ ठेवला.

९ सप्टेंबर

सहावा रकाना आज निकाली काढला. ‘निष्पत्ती’ हे शीर्षक खोडून ‘पुढे काय झाले’ असे केले. त्यात कारण जोडायचे नाही, श्रेय द्यायचे नाही. केवळ त्या बाबतीत नंतर काय घडले ते वर्षासह लिहायचे. नियम ठरताच रकाना भरू लागला. कापडावरील अबकारी कर : १९२५ च्या अखेरीस वसुली थांबली, १९२६ मध्ये रद्द. करारबद्ध मजुरी : भरती १९१७ मध्ये बंद. प्राथमिक शिक्षणाची सक्ती : विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकावरून मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये नगरपालिकांना अधिकार. या तिन्ही वेळी गोखले हयात नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

मिठाची ओळ सहकाऱ्यांनी स्वतः लिहिली आणि ती उलट दिशेने जाते, म्हणून मुद्दाम वाचून दाखवली : १९०७ मध्ये एक रुपया; १९१६ मध्ये सव्वा रुपया; १९२३ मध्ये असेंब्लीने (केंद्रीय कायदेमंडळाच्या सभागृहाने) नाकारल्यानंतर व्हाइसरॉयच्या विशेषाधिकाराने अडीच रुपये; १९२४ मध्ये पुन्हा सव्वा रुपया. म्हणजे गोखले ज्या दरावर बोलायला उभे राहिले, तो दर एकवीस वर्षांनी वर्षभरासाठी परत आला. फरक एवढाच की या वेळी मतदान झाले होते. त्याची मतसंख्या पडताळून पुढील आठवड्यात टीपेत घालायची आहे.